काम झाले नाही, असे लिहिता यावे

युद्धनौकेचे आयुष्य लढाईत फार थोडे जाते. बाकीचा सगळा काळ खारी हवा, दमटपणा, गंज आणि अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांची झीज यांच्याशी झुंजण्यात जातो. पंप, व्हॉल्व्ह, जनरेटर, रडार, शीतकरण यंत्रणा, आग विझवण्याचे होज, पाणबंद दरवाजांच्या कडेच्या रबरी पट्ट्या अशा हजारो वस्तू एका पोलादी कवचात दाटीवाटीने बसवलेल्या असतात. त्यांतली प्रत्येक वस्तू ठरलेल्या वेळी कुणीतरी उघडून, पुसून, तेल-ग्रीस देऊन, चालवून पाहावी लागते. भर समुद्रात बिघाड झाला तर बाहेरून मेकॅनिक बोलावता येत नाही. म्हणून हे काम नौकेवरच्याच माणसांनी करायचे असते. ते कुणी, कधी, कसे करायचे, झाले की नाही हे कुणी पाहायचे आणि राहिले तर जाब कुणाला विचारायचा, हे सगळे आधी ठरलेले असावे लागते. अमेरिकन नौदलाने १९६०च्या दशकात या प्रश्नांची उत्तरे एका व्यवस्थेत बांधली. देखभाल आणि साहित्य यांच्या व्यवस्थापनाची ही पद्धत तिथे ‘थ्री-एम’ या नावाने ओळखली जाते.

जबाबदारीची इतकी नेटकी उतरंड क्वचितच कुठे आढळते. तरीही ती वापरणाऱ्या नौदलाने २०२०मध्ये स्वतःच्याच बंदरात उभी असलेली एक प्रचंड नौका आगीत गमावली. या दोन गोष्टींचा मेळ कसा लावायचा, हा इथला प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की, देखभालीची उतरंड वरच्या अधिकाऱ्याच्या कडकपणावर टिकत नाही. तळाच्या खलाशाला ‘हे काम झाले नाही’ असे न घाबरता लिहिता येते का, आणि त्याने तसे लिहिल्यावर वरच्या पायरीवरचा माणूस ते आपले काम मानतो का, यावर ती टिकते. हे पटवून देण्यासाठी आधी ती उतरंड नीट पाहायला हवी.

तिचा पाया म्हणजे एक कार्ड. प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक ठरावीक तपासणीसाठी वेगळे कार्ड असते. काम किती काळाने करायचे याची खूण त्यावर असते: रोज, दर आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला, सहामाहीला, वर्षाला, किंवा एखादी विशिष्ट परिस्थिती आली की. काम किती जणांनी, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने, किती वेळात करायचे तेही लिहिलेले असते. मग धोक्याच्या सूचना, लागणारी हत्यारे, सुटे भाग, ग्रीसचा नेमका प्रकार, आणि त्यानंतर कामाच्या क्रमवार पायऱ्या. विजेवर चालणारा एखादा पंप उघडायचा असेल, तर खलाशी परवानगी घेऊन त्याचा वीजपुरवठा तोडतो आणि स्विचवर धोक्याची लाल चिठ्ठी लटकवतो. चिठ्ठी बरोबर स्विचवरच लागली आहे ना, हे दुसरा माणूस स्वतंत्रपणे येऊन पाहतो. मगच पंपाचे झाकण निघते. बोल्ट किती आवळायचा हे जिथे कार्डावर आकड्यात दिलेले असते, तिथे टॉर्क पानाच वापरायचा. हाताचा अंदाज चालत नाही. अनेक वर्षे तेच काम केलेल्या माणसानेही कार्ड समोर ठेवूनच काम करायचे, ‘मला पाठ आहे’ म्हणायचे नाही. आणि कार्डातच चूक आढळली तर? मनाने बदल न करता ती ठरलेल्या फॉर्मवर वर कळवायची. चूक धोक्याची असेल तर काम तिथेच थांबवायचे. या सगळ्या व्यवस्थेत हा फॉर्म मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. किनाऱ्यावर बसून कार्ड लिहिणाऱ्या अभियंत्याला त्याची चूक दाखवून देण्याचा अधिकार तो अगदी नवख्या खलाशाला देतो.

कार्ड हातात घेऊन काम करणारा खलाशी ही पहिली पायरी. त्याच्यावर वर्क सेंटर सुपरवायझर असतो. हा साधारणपणे अनुभवी पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांमधूनच वर आलेला माणूस. आठवड्याची कामे माणसांत वाटणे, हत्यारे आणि सामान मिळवून देणे, काम झाल्याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. पूर्वी कागदी तक्त्यावर झालेल्या कामावर फुली आणि राहिलेल्या कामाभोवती गोल अशी खूण होत असे. आता हे संगणकावर होते. त्याच्यावर डिव्हिजन ऑफिसर. तो बहुतेक वेळा नुकताच नौदलात आलेला तरुण अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखालच्या सुपरवायझरचा अनुभव त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याच्यावर विभागप्रमुख, उदाहरणार्थ इंजिन विभागाचा चीफ इंजिनिअर. तिमाहीचे वेळापत्रक आखण्याची आणि विभागाच्या देखभालीची जबाबदारी त्याची. संपूर्ण नौकेवर या व्यवस्थेची देखरेख करायला एक अनुभवी समन्वयक असतो. तो नौकेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑफिसरला, उत्तरदायी असतो. आणि शेवटी कमांडिंग ऑफिसर. काम तो हाताखालच्यांना सोपवू शकतो, पण नौकेच्या स्थितीचे उत्तरदायित्व त्याला कुणाकडेही सोपवता येत नाही. नौदलाच्या परंपरेत ही गोष्ट वादातीत आहे.

या रचनेत दोन प्रवाह वाहतात. आदेश वरून खाली येतात आणि खरी परिस्थिती खालून वर जाते. पहिला प्रवाह लष्करी संस्थेत आपोआप वाहतो; दुसरा मुद्दाम वाहता ठेवावा लागतो. त्यासाठी अचानक तपासणीची पद्धत आहे. सुपरवायझरपासून कमांडिंग ऑफिसरपर्यंत कुणीही ‘झाले’ अशी नोंद असलेले एखादे काम निवडतो आणि ते करणाऱ्या खलाशाला बोलावून घेतो. कार्ड दाखव, कोणती हत्यारे वापरली ते दाखव, ग्रीस कुठून आणले ते सांग, या पायरीला नेमके काय केलेस ते यंत्रापाशी उभे राहून करून दाखव. पाट्या टाकलेल्या असतील तर हे काही मिनिटांत उघडे पडते. कार्डावर लिहिलेले गेज नौकेवरच नाही, किंवा ज्या झाकणामागे पोचायला शिडी लागते तिथली शिडी महिनाभर जागची हललेली नाही, असे काहीतरी निघते. अशी तपासणी खलाशाची परीक्षा तर घेतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अधिकाऱ्याला खाली यंत्राजवळ नेते. जो कॅप्टन स्वतः इंजिनरूममध्ये उतरून व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा रंग पाहतो, त्याला कळते की, रंग इतका जाड साचला आहे म्हणजे हा व्हॉल्व्ह कित्येक महिन्यांत कुणी फिरवलेला नाही, नोंद काहीही सांगो.

राहिलेल्या कामांसाठीही वाट आहे. सुटा भाग नाही, माणूस नाही, किंवा काम नौकेच्या आवाक्याबाहेरचे आहे, अशा वेळी ते रीतसर पुढे ढकलून नौकेच्या प्रलंबित कामांच्या यादीत टाकायचे असते. या यादीवरूनच कोणते काम खलाशांनी, कोणते किनाऱ्यावरच्या दुरुस्ती केंद्राने आणि कोणते गोदीने करायचे हे ठरते. म्हणजे ‘झाले नाही’ ही नोंद या व्यवस्थेत गुन्हा नाही, तिच्यासाठी फॉर्म छापलेला आहे. गुन्हा आहे तो न केलेल्या कामावर ‘झाले’ म्हणून सही करणे. अमेरिकन लष्करी कायद्याच्या १०७व्या कलमाखाली खोटे सरकारी निवेदन म्हणून त्यावर खटला चालू शकतो. कागदावर सगळे स्वच्छ आहे. आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

‘बॉनहोम रिचर्ड’ ही सुमारे २५७ मीटर लांबीची, चाळीस हजार टनांहून अधिक वजनाची नौका १९९८मध्ये नौदलात दाखल झाली होती. हेलिकॉप्टर, उभी उतरणारी विमाने आणि मरीन सैनिक वाहून नेणारी ही नौका २०२०मध्ये सॅन दिएगोच्या नौदल तळावर मोठ्या दुरुस्तीसाठी उभी होती. १२ जुलैच्या रविवारी सकाळी तिच्या खालच्या वाहन-डेकवर आग लागली. ती चार दिवसांहून अधिक काळ जळत राहिली. नौका दुरुस्त करायची तर २.५ ते ३.२ अब्ज डॉलर आणि पाच ते सात वर्षे लागतील असा अंदाज निघाला, म्हणून २०२१च्या एप्रिलमध्ये तिला सेवेतून काढून भंगारात दिले. आग एका खलाशाने लावली असा आरोप झाला होता, पण २०२२मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तरीही आग कशी लागली यापेक्षा ती विझली का नाही, हा प्रश्न मोठा आहे, आणि नौदलाच्या चौकशी अहवालाने त्याचे उत्तर दिले आहे.

अहवालानुसार नौकेवरची ८७ टक्के अग्निशमन ठिकाणे त्या वेळी ‘निष्क्रिय उपकरण’ या वर्गात टाकलेली होती. फेसाने आग विझवणारी यंत्रणा एकदाही वापरली गेली नाही. काही अंशी तिची देखभाल नीट झाली नव्हती म्हणून, आणि काही अंशी ती उपलब्ध आहे की नाही, ती कशी चालते, हे खलाशांना ठाऊक नव्हते म्हणून. आगीवर ठरलेल्या वेळात मारा सुरू करण्याच्या सरावात नौकेवरची खलाशांची तुकडी त्याआधी सलग १४ वेळा नापास झाली होती. इथे ‘निष्क्रिय’ हा वर्ग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. तो बेकायदा नाही. दीर्घ दुरुस्तीत जी यंत्रे महिनाभराहून अधिक काळ बंद राहणार, त्यांच्या नेहमीच्या तपासण्या थांबवाव्यात आणि पुन्हा सुरू करताना ठरलेल्या चाचण्या घ्याव्यात, अशी तरतूद नियमातच आहे आणि ती योग्यही आहे. बंद पडलेल्या पंपावर दर आठवड्याला माणूस खर्च करण्यात अर्थ नाही. पण गोदीत उभ्या असलेल्या नौकेवर आगीचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. वेल्डिंग चालू असते, सामानाचे ढीग असतात, तात्पुरत्या केबल आणि नळ्या दरवाजांतून ओढलेल्या असल्याने ते दरवाजे चटकन बंद करता येत नाहीत. म्हणजे ज्या काळात होज आणि फेस सर्वांत जास्त लागणार, त्याच काळात ते हिशेबाबाहेर गेले. एकेका ठिकाणापुरता तो निर्णय रीतसर वाटलाही असेल. पण सगळी ठिकाणे मिळून नौका निःशस्त्र होत आहे, हे पाहणे वरच्या पायऱ्यांचे काम होते आणि ते कुणी केले नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. दुरुस्तीच्या काळात नौकेवर खलाशी असतात, नौदलाचे किनाऱ्यावरचे दुरुस्ती केंद्र असते, खाजगी कंत्राटदार असतो, तळाचे अग्निशमन दल असते आणि शहराचेही. प्रत्येकाच्या वाट्याला सुरक्षिततेचा थोडा थोडा भाग येतो. २०१२मध्ये ‘मायामी’ ही पाणबुडी गोदीतल्याच आगीत गेली, तेव्हा अशा आगींसाठी वेगळी नियमपुस्तिका तयार झाली होती. आठ वर्षांनी ती सॅन दिएगोत पुरेशी पाळलेली आढळली नाही. अहवालाने दोष चार बाबींत मांडला: नौकेची भौतिक स्थिती, खलाशांचे प्रशिक्षण, किनाऱ्यावरच्या यंत्रणांशी मेळ, आणि वरिष्ठांची देखरेख. ३६ जणांकडे बोट दाखवले गेले. पुढे एका निवृत्त व्हाइस ॲडमिरललाही लेखी ठपका मिळाला. इतक्या वरपर्यंत दोष पोचला ही मला चांगली गोष्ट वाटते. एरवी अशा प्रसंगी शेवटची सही करणाऱ्या खलाशाच्या माथी सगळे मारून बाकीचे हात झटकतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सैन्य म्हणजे शिस्त. मग जो खोटी सही करतो त्याला जबर शिक्षा करा, चार जण पाहतील आणि सुधारतील. असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की, खलाशाच्या आठवड्यात तास किती असतात? कार्डावर लिहिलेल्या वेळात हत्यारे गोळा करण्याचा, सामान मिळवण्याचा आणि काम झाल्यावर जागा आवरण्याचा वेळ धरलेला नसतो. कार्ड अर्धा तास म्हणते, तेव्हा प्रत्यक्षात तास जातो. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७मध्ये नौदलाच्याच एका पाहणीचा दाखला दिला होता. आठवड्याला ८० तास कामाचे गृहीत असताना खलाशी प्रत्यक्षात १०८ तास ड्युटीवर होते. दिवसाचे पंधरा तासांहून अधिक, सातही दिवस. अशा आठवड्यात सुपरवायझरच्या यादीवर उरलेली तीन कामे असतात आणि उद्या सकाळी डिव्हिजन ऑफिसरला शंभर टक्के आकडा हवा असतो. त्या क्षणी शिक्षेची भीती दोन्ही बाजूंनी असते: खोटे लिहिले आणि पकडले गेले तर, आणि खरे लिहिले तर लगेचच. पहिली शक्यता दूरची, दुसरी उद्या सकाळची. शिक्षा आणखी वाढवली, तर खोटेपणा थांबण्याऐवजी जास्त सफाईदार होतो. जाणूनबुजून खोटी सही करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण खरे लिहिण्याची वाट खुली ठेवल्यानंतरच ती न्याय्य ठरते.

वेळेचा आणि माणसांचा हा तुटवडा आकाशातून पडलेला नाही. २०००च्या दशकात अमेरिकन नौदलाने पैसे वाचवण्यासाठी नौकांवरची माणसे कमी केली, नव्या अधिकाऱ्यांचे वर्गातले प्रशिक्षण काही काळ संगणकाच्या तबकड्यांवर सोपवले आणि किनाऱ्यावरच्या दुरुस्तीची ताकदही घटवली. प्रत्येक निर्णयामागे तेव्हा कार्यक्षमतेचे कारण होते. २०१०मध्ये निवृत्त व्हाइस ॲडमिरल फिलिप बॅलिस्ले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सगळ्यांचा एकत्रित परिणाम नौकांच्या घसरत्या स्थितीत दिसतो, असे स्पष्ट सांगितले. कार्डांची संख्या तेवढीच राहिली, हात मात्र कमी झाले. त्यानंतर चौदा वर्षांनी, २०२४मध्ये, त्याच गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने खलाशांकडून होणाऱ्या देखभालीवर अहवाल काढला. विमानवाहू नौका, इतर युद्धनौका आणि हल्ला करणाऱ्या पाणबुड्या मिळून जवळपास १४ हजार खलाशी कमी होते. पाहणीत उत्तर देणाऱ्या एक्झिक्युटिव्ह ऑफिसरांपैकी ६३ टक्के म्हणाले की, माणसे अपुरी असल्याने समुद्रात असताना दुरुस्ती पुरी करणे मध्यम ते अतिशय कठीण जाते. हे तेच अधिकारी, ज्यांच्याकडे नौकेवरची देखभाल व्यवस्था असते. म्हणजे उतरंडीची वरची पायरीच सांगते आहे की, खालच्या पायरीवर शक्य नसलेले काम टाकले जाते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. आता यंत्राला सेन्सर लावा, कंपन, तापमान, तेलाचा दाब मोजा, संगणक सांगेल तेव्हाच उघडा. कार्ड, सही, तक्ता हे सगळे जुनाट आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते पुरते मान्य करतो. चांगले चाललेले यंत्र उगाच उघडले तर बिघाड शिरतो, हे विमानक्षेत्राने फार आधी दाखवून दिले. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी १९७८मध्ये लिहिलेल्या अहवालात विमानाच्या सुट्या भागांचा अभ्यास होता. वय वाढले की बिघाडाची शक्यता ठळकपणे वाढते, असे भाग फार थोडे निघाले. तेव्हा ठरावीक काळाने सरसकट सगळेच उघडत बसणे शहाणपणाचे नाही, आणि निरर्थक कार्डे छाटणे हा माणसांच्या तुटवड्यावरचा एक प्रामाणिक इलाज आहे. नौदलाने इंजिनांवर अशा स्वयंचलित निरीक्षण यंत्रणा बसवल्याही आहेत. पण पेटीत गुंडाळून ठेवलेल्या होजच्या जोडातील रबरी वायसर सुकून चिरला आहे, हे कोणता सेन्सर सांगणार? आणीबाणीत लागणारी बहुतेक साधने एरवी निपचित पडून असतात. त्यांना ना कंपन, ना तापमान. शिवाय सेन्सरने इशारा दिला तरी तो वाचून पुढे काय करायचे हे कुणाचे काम, हा प्रश्न उरतोच. यंत्रणा बदलली तरी जबाबदारीची उतरंड लागणारच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘झाले नाही’ लिहिण्याची इतकी मोकळीक दिली तर तीच सबब होईल. आळशी माणूस प्रत्येक काम पुढे ढकलेल, प्रलंबित यादी फुगत जाईल आणि सगळ्यांच्या सह्या खऱ्या असूनही नौका मोडकळीला येईल. असे होऊ शकते. बॉनहोम रिचर्डच्या ‘निष्क्रिय’ यादीत बरेचसे असेच झाले. म्हणूनच माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. खालून आलेली नोंद वरच्याच्या अंगावर पडली पाहिजे. सुपरवायझरने भाग नाही म्हणून काम ढकलले, तर भाग मागवणे हे त्या दिवसापासून विभागप्रमुखाचे काम. त्याला तो मिळाला नाही, तर कॅप्टनने वरच्या मुख्यालयाला लेखी कळवायचे. आणि त्या भागाविना नौका समुद्रात न्यायची असेल, तर ती जोखीम मी स्वीकारली अशी सही आदेश देणाऱ्याने करायची. जोखीम घ्यायची असेल, तर ती नावानिशी घ्या. युद्धप्रसंगी तीही घ्यावी लागते, हे कुणी नाकारत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. त्याच नौदलाच्या पाणबुडी शाखेत ते साठहून अधिक वर्षे चालू आहे, आणि त्याची किंमत १२९ माणसांनी मोजली आहे. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी केप कॉडच्या पूर्वेला खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली. अधिकृत चौकशीने ठरवलेले संभाव्य कारण असे: समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांपैकी एकीचा जोड इंजिनरूममध्ये फुटला, वीज आणि पाठोपाठ अणुभट्टी बंद पडली, आणि टाक्यांतले पाणी बाहेर ढकलणारी हवा गाळणीत बर्फ साचल्याने अडली. त्याआधी गोदीत अशा १४५ जोडांची ध्वनिलहरींनी तपासणी झाली होती आणि त्यांतले १४ टक्के कमअस्सल निघाले होते. उरलेले जोड तपासण्याचे काम पुढे चालू राहिले नाही. वेळापत्रक होते, दबाव होता, आणि शंभरात चौदा जोड कच्चे आहेत ही माहिती असूनही ‘तर मग ही पाणबुडी खोल जाणार नाही’ असे म्हणण्याची सक्ती कुणावर नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सबसेफ’ ही व्यवस्था आली. पाणबुडीत पाणी शिरू न देणाऱ्या आणि तिला वर आणणाऱ्या प्रत्येक भागासाठी साहित्य, जोडणी आणि चाचणी यांचा वस्तुनिष्ठ पुरावा कागदावर हवा. अनुभवी माणसाचा शब्द पुरावा धरला जात नाही. पुरावा नसेल तर काम झालेले नाही असेच मानायचे, आणि ती त्रुटी रीतसर सुटेपर्यंत पाणबुडीला मोकळीक मिळत नाही. १९१५ ते १९६३ या काळात अमेरिकेने लढाईविना १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. त्यानंतर एकच गेली, १९६८ची ‘स्कॉर्पियन’, आणि तिला सबसेफचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. तेच नौदल, तशीच माणसे. फरक एवढाच की ‘झाले नाही’ या नोंदीला तिथे पाणबुडी थांबवण्याची ताकद दिली गेली.

हे सगळे दूरच्या देशाचे आहे असे मुंबईकराने मानू नये. मुंबईच्या नौदल गोदीची परंपरा १७३५पर्यंत मागे जाते, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर आपल्या नौदलाचे इंजिनिअर घडतात, आणि २०२३मध्ये माझगाव डॉकने अमेरिकन नौदलाच्या नौकांच्या दुरुस्तीचा करार केला आहे. या कामातले आपल्याकडचे कौशल्य निर्विवाद आहे. पण आपल्याकडचे अपघातही त्याच किनाऱ्यावर झाले. २०१३च्या ऑगस्टमध्ये ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईच्या गोदीतच स्फोटांनी बुडाली आणि १८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत ‘सिंधुरत्न’वर धुराने दोन अधिकारी मरण पावले, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. जुलै २०२४मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ या फ्रिगेटला दुरुस्तीच्या काळातच मुंबईच्या गोदीत आग लागली, नौका एका कुशीवर कलंडली आणि एक नौसैनिक दगावला. या अपघातांची कारणे सारखी होती असे मी म्हणत नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी मात्र २०१७च्या अहवालात २००७पासूनचे ३८ अपघात मोजले, त्यांत दोन नौका, एक पाणबुडी आणि ३३ माणसे गेल्याची नोंद केली, आणि सुरक्षिततेच्या प्रश्नांसाठी नौदलाकडे दीर्घकाळ संस्थात्मक चौकट नव्हती यावर बोट ठेवले.

ॲडमिरल जोशींचा राजीनामा सन्मान्य होता. पण उतरंडीच्या टोकावरचा माणूस गेला म्हणून मधल्या पायऱ्यांवर काय घडले ते कळत नाही. कोणती तपासणी राहिली होती, ती राहिली हे कुणी लिहिले होते का, आणि ते वाचून कुणी काय केले? ही माहिती बाहेर आली तरच दुसऱ्या नौकेवरचा सुपरवायझर, दुसऱ्या गोदीतला फोरमन आणि कंत्राटदाराचा सुरक्षा अधिकारी त्यातून काही शिकू शकतात. बॉनहोम रिचर्डचा चौकशी अहवाल अमेरिकन नौदलाने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केला. स्वतःची इतकी नाचक्की छापूनही त्या नौदलाची गुपिते शत्रूच्या हाती गेली नाहीत, कारण गोपनीय भाग झाकता येतो. आपल्याकडे नौदलाच्या चौकशी मंडळांचे अहवाल जनतेसमोर येत नाहीत. शस्त्रे, रडार, संदेशवहन यांबद्दलचे सगळे खुशाल झाकावे. देखभाल, प्रशिक्षण आणि अग्निसुरक्षा यांच्या नोंदींचा भाग मात्र प्रत्येक अपघातानंतर ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ही मागणी धरावी, आणि ज्यांची मुले या नौकांवर आहेत अशा घरांनी आपापल्या खासदाराला त्याबद्दल लिहावे.